कुंडी हलवायची नाही

"'बघू, अजून एक आठवडा' हे वाक्य आता माझ्यापुढे बोलायचं नाही. पाठ झालंय मला ते. झोपेत उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन."

सून दारातच उभी होती. कडेवर बाळ, दुसऱ्या हातात केरभरणी, आणि केरभरणीत ही एवढी पानं. ती तिने कुंडीवाल्याच्या नाकासमोर धरली, जशी काय त्यानेच रात्री येऊन पाडली होती.

"ताई, झाड आहे ते. गोळी दिली आणि ताप उतरला, असं नसतं."

"मग कसं असतं? सांगा ना. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही पंखा लावून बसत होतो. आता बाळाला टोपरं घालतेय मी. एवढ्यात माणसं पाय मोडून परत चालायला लागतात."

"पाणी जरा जास्त होत असेल."

"पाणी तुम्ही सांगितलं तेवढंच. पेल्याने मोजून."

"मग खिडकीतून वारा..."

"खिडकी तुम्हीच उघडायला लावलीत. मग तुम्हीच बंद करायला लावलीत. आता काय भिंत पाडू?"

कुंडीवाला गप्प बसला. हे नवलच होतं. कारण हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एरवी कोणी एक बोललं तर हा चार बोलायचा आणि वर कुंडी आपटायचा. पण आज सून त्याची बिनपाण्याने करत होती आणि तो मान खाली घालून केरभरणीकडे बघत होता.

पानं हिरवीगार होती. चकचकीत. एकही पिवळं नाही, एकावरही डाग नाही. पान असं हिरवं असताना गळलं तर त्याचा अर्थ काय, ते कुंडीवाल्याला चांगलं माहीत होतं. म्हणूनच त्याने नजर काढून घेतली.

सुनेने आवाज खाली आणला. आतल्या खोलीत सासरा होता.

"हे बघा, माझं त्या झाडाशी काही वैर नाही. पण बाळ रांगायला लागलंय. काल पान तोंडात घातलं त्याने. चीक असतो त्यात, ओठ सुजला बघा." बाळाचा ओठ खरंच सुजला होता आणि बाळ त्याबद्दल अगदी खूश दिसत होतं. "मी किती वेळा झाडू? हे फिरतीवर, घरी मी एकटी. तुम्ही काल फोनवर हो म्हणालात. आणलंत ना ते दुसरं?"

"आणलंय. खाली गाडीत आहे."

"मग झालं तर. अकराला मी बाबांना डोळे तपासायला नेतेय. किल्ली शेजारी ठेवते. आम्ही परत येईपर्यंत बदलून टाका. आमच्या ऑफिसात करता तसं. बाबांना नीट दिसत नाही, कळणार नाही त्यांना. झाड बरं झालं म्हणून उलट खूश होतील."

कुंडीवाला म्हणाला, "हं."

"हं नाही. हो म्हणा."

"हो."

आता या माणसाचा धंदा काय ते सांगायला हवं, नाहीतर ही अदलाबदल काय भानगड आहे ते कळायचं नाही.

तो झाडं भाड्याने देणाऱ्या एका मालकाकडे कामाला होता. ऑफिसं, दवाखाने, हॉटेलं अशा ठिकाणी हिरवं दिसावं म्हणून झाडं ठेवतात ना, ती यांची. सगळे त्याला कुंडीवालाच म्हणायचे. खरं नाव त्याची आई घ्यायची. आई गेली आणि नाव वापरातून गेलं. वय पन्नाशीचं, अंगाने वाळका, डोकं तापट. झाडांचं मात्र त्याला सगळं कळायचं. कुंडी नुसती एका बाजूने उचलून सांगायचा, हिला पाणी हवंय की नको. मातीला नाक लावायचा. पावसासारखा वास आला तर ठीक, गटारासारखा आला तर मुळं कुजली. पानांची टोकं करपली की तहान. खालची पानं पिवळी आणि कुंडीभोवती चिलटं, म्हणजे कोणीतरी मायेने बुडवून मारतंय. पान हाताला चिकट लागलं की उलटं करून बघायचं, पाठीमागे पांढऱ्या कापसासारखी कीड धरलेली असणारच. झाड एकाच बाजूला वाकलं असेल तर त्या ऑफिसात कोणालाही कुंडी फिरवायचं सुचलेलं नाही. आणि पानावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असेल तर त्या खोलीत कोणी कोणाकडे बघत नाही.

मालकाचा एकच नियम होता. आजारी झाड गिऱ्हाईकाला दिसता कामा नये. म्हणून प्रत्येक झाडाचा शेडमध्ये एक जोडीदार असायचा. तीच उंची, तसंच खोड, तशीच कुंडी. झाडाने मान टाकली की सकाळी लोक यायच्या आत कुंडीवाला जोडीदार आणून ठेवायचा आणि आजाऱ्याला घेऊन जायचा. लोकांना वाटायचं, काय टवटवीत झाड आहे, कितीतरी वर्षं तसंच आहे. एका ऑफिसातल्या बाईने तिच्या टेबलाजवळच्या झाडाला नाव ठेवलं होतं आणि नावाची चिठ्ठी चिकटवली होती कुंडीला. कुंडीवाला दर वेळी ती चिठ्ठी हळूच सोडवायचा आणि नव्या कुंडीला लावायचा. बाई त्या झाडाला रोज सकाळी कसं आहेस म्हणून विचारायची. ते चौथं झाड होतं.

सुनेचं ऑफिस त्याच इमारतीत. एकदा ती लवकर आली आणि हा दोन्ही हातांत दोन सारखी झाडं घेऊन लिफ्टमध्ये सापडला. ती हसली. मग म्हणाली, "तुम्हाला झाडांचं कळतं तर आमच्याकडे एकदा येऊन बघाल? सासऱ्यांचं झाड आहे. पानं टाकतंय."

तो आला. रविवार होता. रविवारी त्याला तसंही काही काम नसायचं. तो शेडच्या मागच्या खोलीत राहायचा. समोर दुरुस्तीला आलेली झाडं रांगेने उभी, त्यातलं एकही त्याचं नाही. बरी झाली की जायची. बोलायचा तो त्यांच्याशी, पण बोलणं म्हणजे बहुतेक शिव्याच. बहीण फोन करायची कधीतरी, 'जेवलास का' विचारायची आणि याचं उत्तर यायच्या आत तिकडे पोरांवर ओरडायला लागायची. मग म्हणायची, "बरं ठेवते." तो फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ उभा राहायचा.

तर तो आला. आतल्या खोलीत एक म्हातारा पलंगावर बसला होता आणि कोपऱ्यात फायकस. माणसापेक्षा उंच, खोड वेणीसारखं पिळलेलं, झाड म्हणावं तर असं. आणि भिंतीकडची बाजू अर्धी बोडकी.

म्हाताऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. जन्म त्यात गेला. बायकोने कुठूनतरी या झाडाची काडी आणून दाढीच्या मगमध्ये खोचली होती, तिचं हे एवढं झालं, दुकानात, दाराशी, खुर्च्यांच्या बाजूला. बायको गेली. मग डोळे अधू झाले. मग मुलाने दुकान बंद केलं आणि बापाला आणि झाडाला इथे आणलं. खुर्ची विकली. कात्र्या, कंगवे, एक आरसा आणि झाड एवढं बरोबर आलं. वस्तरा सुनेने कुलपात ठेवला होता.

कुंडीवाल्याने झाड तपासलं. फांदीची साल नखाने जरा खरवडली, आत हिरवं. फांदी वाकवली, काडकन मोडली नाही, परत सरळ झाली. प्रत्येक शेंड्याला नवं पान सुईसारखं गुंडाळून तयार. मातीचा वास पावसासारखा. पानांच्या पाठी स्वच्छ. झाडाला काहीही झालेलं नव्हतं. ठणठणीत होतं. नुसतं रुसलं होतं. फायकसची जातच तशी. जागा बदलली की पानं टाकतो. उजेड कुठून येतो ते त्याला पाठ असतं, आणि तो दुसरीकडून यायला लागला की हा घाबरून अंगावरचं सगळं काढून टाकतो. त्याला एका जागी ठेवायचं आणि हात लावायचा नाही. मग महिन्या-दीड महिन्यात येतो ताळ्यावर.

एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं. तो सांगणारही होता. पण म्हातारा त्याच्या डोक्याकडे बघत होता.

"हे कोणी कापलेत?"

"काय?"

"केस. बकरीने कुरतडलेत का?"

"मीच कापतो. आरशात बघून."

"आरशाला काय बोलायचं. बस इथे."

"अहो काका, मी झाड बघायला..."

"झाड कुठे पळून चाललंय? बस म्हटलं ना."

तो बसला. म्हाताऱ्याने गळ्याभोवती कापड बांधलं, आणि कात्री सुरू झाली. म्हाताऱ्याला दिसत होतं कमी, पण बोटं डोकं वाचत होती. बोलत होता सगळा वेळ, कुठल्या गिऱ्हाइकाची टाळू कशी होती, कोणाला कान धरलेला चालायचा नाही, कोण खुर्चीत बसला की झोपायचा आणि घोरायचा. शेवटी कात्री ठेवली, हाताला तेल लावलं आणि डोक्याची मालिश केली. आधी कपाळाच्या वर, मग कानांमागे, मग मानेच्या खळीत दोन्ही अंगठे.

कुंडीवाल्याच्या डोक्याला याआधी कोणी हात कधी लावला होता, ते त्याला आठवेना. खरंच आठवेना. त्याने आठवून बघितलं.

तो उठताना म्हाताऱ्याने विचारलं, "मग? काय झालंय याला?"

आणि कुंडीवाल्याच्या तोंडून निघालं, "बघू. अजून एक आठवडा लागेल."

त्या दिवशी त्याने कुंडी खिडकीकडे सरकवली ती खरंच उजेडासाठी. पुढच्या रविवारी आला तर नवी पानं पडलेली. सरकवल्यामुळेच. त्या वेळी त्याने परत जागेवर ठेवली, तेही एकवेळ चूक म्हणून सोडून देऊ. पण तिसऱ्या रविवारी त्याने कुंडीला हात घातला तेव्हा त्याला माहीत होतं. पुरतं माहीत होतं. तरी हातभर उजवीकडे सरकवली. मग रविवारमागून रविवार, कधी डावीकडे, कधी अर्धी फिरवून. झाड बिचारं जरा सावरलं, शेंडे फुटायला लागले, की हा यायचा. म्हातारा केस कापायचा. आता कापायला केस तरी कुठे असणार आठवड्यात? नुसती कानांमागून कात्री फिरवायचा. मालिश मात्र पूर्ण.

आणि आज खाली गाडीत जोडीदार उभा होता.

कुंडीवाला आतल्या खोलीत गेला. अकराला अजून वेळ होता.

"आलास का डॉक्टर?" म्हातारा त्याला डॉक्टर म्हणायचा. "सूनबाईने झाडला वाटतं तुला. इथपर्यंत ऐकू येत होतं."

"झाडणारच. केरभरणीच होती हातात."

म्हातारा हसला, पण थोडंच. कापड झटकलं, याच्या गळ्याभोवती बांधलं. स्टुलावर बसवलं. कात्रीची दोन पाती हवेत कचकच वाजवली, ती त्याची सवय होती, गाणाऱ्याने आधी खाकरावं तशी. डावा कान झाला. मग हात थांबला.

"डॉक्टर, त्या उशीखाली डबा आहे बघ. काढ."

पावडरीचा जुना पत्र्याचा डबा होता. कुंडीवाल्याने उघडला. आत पानं. वाळलेली, अर्धी वाळलेली, वरची अजून हिरवी. दाबून भरलेली.

"सूनबाई झाडायच्या आधी उचलतो काही. टाकवत नाहीत," म्हातारा म्हणाला. "हसू नको."

"नाही हसत."

"रात्री पडतं ना पान, आवाज होतो. तुम्हाला तरुण माणसांना नाही येणार ऐकू. टप. मग मी जागा होतो. मग वाट बघत बसतो पुढचं कधी पडतंय." त्याने कंगवा कुंडीवाल्याच्या डोक्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. "ती गेली तेव्हाही असंच झालं होतं. डॉक्टर म्हणायचे, बघू, एक आठवडा. आणखी एक आठवडा. मी प्रत्येक वेळी खरं मानायचो. तू नको तसं करू. तू आपला माणूस आहेस. सरळ सांग. मरतंय ना हे?"

आपला माणूस, असं कुंडीवाल्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि नेमकं आत्ताच म्हणायचं होतं. उजवा कान अजून कापायचा होता. बाहेर सून बाळाचे मोजे शोधत होती, "एक असतो तिथे दुसरा कधी नसतो या घरात," असं मोज्यांना बोलत होती. अजून थोड्या वेळाने दोघं जाणार. मग जोडीदार वर आणायचा, हे झाड खाली न्यायचं. म्हातारा येणार, हात लावून बघणार. बोटांनी डोकं वाचणारा माणूस तो, खोडाला हात लावला की त्याला कळणार नाही होय? आणि कळलं नाही, तर ते आणखी वाईट. शिवाय तो नवा तरी काय दिवे लावणार होता. जागा बदलली की तोही पानं टाकणारच.

"काका, दुकानात हे कुठे होतं? बरोबर कुठे?"

"दाराशी. सांगितलं की."

"दार समोर, आणि पाठीमागे?"

"पाठीमागे आरसा. दुसऱ्या खुर्चीचा. का?"

हे कुंडीवाल्याला दुसऱ्या भेटीतच कळलं होतं. झाड दोन्ही अंगांनी सारखं वाढलेलं होतं. भिंतीला टेकून ठेवलेलं झाड असं वाढत नाही, एका बाजूने भरतं आणि दुसऱ्या बाजूने विरळ होतं. दोन्हीकडून उजेड मिळाला तरच असं होतं. आणि आरसा कपाटाच्या मागे होता, चादरीत गुंडाळलेला, त्याची एक कड दिसायची. सुनेकडे तो लावायला भिंत नव्हती आणि म्हाताऱ्यानेही कधी मागितला नव्हता.

कुंडीवाला उठला. गळ्यात कापड तसंच, एक बाजू कापलेली आणि दुसरी राहिलेली.

"अरे, अर्ध्यात कुठे चाललास? बूड स्थिर नाही तुझं."

त्याने कपाटाच्या मागे हात घातला आणि आरसा ओढला. जड होता. चादर सोडली. काठाला साबणाचे जुने शिंतोडे अजून होते. त्याने आरसा कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केला, खाली दोन पुस्तकं आणि एक चप्पल सारून घट्ट केला. मग कुंडी दोन्ही हातांनी धरून ढकलत नेली, पहिल्या दिवशी होती त्याच जागी, खिडकीसमोर, आरशाला पाठ करून. उजेड खिडकीतून आला, पानांवर पडला, आरशावर आपटला आणि परत फिरून बोडक्या बाजूवर पडला. खोलीत एकदम दोन झाडं झाली. त्यांच्या मध्ये एक म्हातारा कात्री धरून उभा आणि एक अर्धवट माणूस कापड गुंडाळून.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. पुढे गेला. आरशाला नाक लागेल एवढा जवळ. मग तिथूनच, आरशातल्या कुंडीवाल्याकडे बघत म्हणाला, "हां. हे इथे असं होतं."

"आता याला हलवायचं नाही," कुंडीवाला म्हणाला. "अजिबात नाही. थोडी पानं अजून पडतील, पडू देत. थंडी सरेपर्यंत भरेल. शेंडे बघा, हात लावून बघा. सुया आल्यात. हे मरत नाही. हे तुमच्या नातवालाही पुरेल."

म्हाताऱ्याने शेंडा चिमटीत धरला. बराच वेळ धरून उभा राहिला.

तेवढ्यात सून आली, बाळाच्या एका पायात मोजा. "बाबा, चला, उशीर..." आणि थांबली. "हे काय? एकाचीच पानं झाडून होत नाहीत, तुम्ही दोन केलीत?"

"आरसा आहे, ताई."

"दिसतंय. माझे डोळे शाबूत आहेत." ती आत आली. झाडाकडे बघितलं, आरशाकडे, खालच्या चपलेकडे. हुशार बाई होती. हिशेबाच्या खात्यात होती, कुठे काय जुळत नाही ते तिला लगेच कळायचं. "एवढंच करायचं होतं? आरसा ठेवायचा आणि हलवायचं नाही?"

"एवढंच."

"आणि हे तुम्हाला आज सुचलं."

आता बघा, इथे तिने त्याला दार उघडून दिलं होतं. 'हो, आजच सुचलं' एवढं म्हणायचं होतं. कोणाला कळलं असतं? म्हाताऱ्याने पाठ थोपटली असती. सून चहा ठेवते म्हणाली असती. पुढच्या रविवारी कसं वाढतंय ते बघायला म्हणून येताही आलं असतं.

कुंडीवाल्याने आरशात स्वतःकडे बघितलं. डावा कान मोकळा, उजवा झाकलेला.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की झाडाला काही झालेलं नाही. हलवलं की पानं टाकतं. मी हलवत होतो. दर रविवारी."

बाळाने सुनेच्या कानातलं ओढलं, ते तिने ओढू दिलं. मग ती हळूच म्हणाली, "का?" आणि उत्तराची वाट न बघता सासऱ्याकडे बघितलं.

म्हातारा आरशाकडे तोंड करूनच उभा होता. शेंडा त्याने सोडला होता.

"बस," तो म्हणाला.

"काका, मी..."

"बस म्हटलं. अर्ध्यावर गिऱ्हाईक उठवलं नाही मी कधी."

कुंडीवाला बसला. म्हाताऱ्याने उजवी बाजू घेतली. आज गिऱ्हाइकांच्या गोष्टी नव्हत्या. नुसती कात्री. तिचा आवाज खोलीत एवढा मोठा होता की बाळसुद्धा तिच्याकडे बघत राहिलं. कान झाला. मान झाली. कल्ले सारखे केले, बोट लावून दोन्हीकडचे मापले, परत एकदा मापले. काम चोख केलं. त्यात कसूर नाही.

मग कात्री ठेवली.

कुंडीवाला बसून राहिला. सवयीने त्याची मान जराशी पुढे झुकली होती आणि डोळे मिटले होते. तेलाची बाटली खिडकीत होती, नेहमीच्या जागी. म्हाताऱ्याने तिच्याकडे हात नेला नाही. गळ्यामागची गाठ सोडली, कापड काढलं, झटकलंही नाही, केसांसकट चौघडी घालून पलंगावर ठेवलं.

"झालं," तो म्हणाला.

कुंडीवाल्याने डोळे उघडले. उठला. मानेवर केस टोचत होते, ते पुसायलाही त्याला सुचलं नाही. पिशवी उचलली, परत ठेवली, परत उचलली.

"रात्र रात्र जागलोय मी," म्हातारा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आणि तू इथे बसून डोकं चोळून घेत होतास."

"हो."

"यायला झाड आजारीच पाहिजे होतं का रे? डोक्यावर केस नाहीत तुझ्या? ते वाढत नाहीत? गाढवा, माझा जन्म गेला केस कापण्यात. दार वाजवून केस कापा म्हणाला असतास, तर मी काय नाही म्हणालो असतो?"

याचं उत्तर उभ्याने देता येत नाही, आणि तोंडावर तर नाहीच. 'मग पुढच्या रविवारी येऊ?' एवढे चार शब्द होते. ते जिभेवर आले होते. म्हाताऱ्याने विचारलं ते खरोखर विचारलं, की तोडून टाकण्यासाठी विचारलं, हेच त्याला कळेना. पान हिरवं गळलंय की पिवळं, ते तो लांबून सांगायचा. माणसाच्या आवाजाला नखाने खरवडून कसं बघणार?

त्याने झाडाकडे बघितलं. आरशातल्या झाडाकडे बघितलं. एक पान सुटलं, दोन्हीकडे एकदम, आणि खाली पडलं. टप. त्याला आवाज आला.

सून दारातून बाजूला झाली, त्याला वाट द्यायला. "ते खालचं..." ती म्हणाली.

"तेच." कुंडीवाला उंबऱ्याशी थांबला, पाठ करूनच. "खाली गाडीत झाड आहे. बंद गाडीत फार वेळ ठेवलं तर पानं टाकतं. निघतो मी, मला जायला हवं आता."